सवतीला निरोप

४ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. दोन्ही हातांनी करतेय, म्हणजे वहिनी मान देत नाही असं नंतर म्हणायला नको. फोन केला की तुम्ही पलीकडून नुसतं "कोण? कोण?" ओरडता आणि माझी अर्धी सकाळ स्वतःची ओळख करून देण्यात जाते. त्यापेक्षा पत्र बरं. सातवीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरते.

तर बातमी अशी की मी लढाईला उभी राहिलेय, आणि जिंकतेय.

तुमचे भाऊ होते तोवर त्यांनी मला कधी सवत आणली नाही. ते गेले आणि पंधरा दिवसांत सवत आली. पांढरी, गोल, नखाएवढी. झोपेची गोळी हो! सहा वर्षं रोज तिला घेऊन झोपते. गादीवाल्याची बायको मी, त्यांच्या मागे दुकान चालवते, सगळ्या गावाला झोपवते, आणि मला स्वतःला झोपायला गोळी लागते. कुणाला सांगायचीही चोरी.

गेल्या महिन्यात दुकानात एका गिऱ्हाईकाला गादी दाखवायची म्हणून पसरली, त्यावर टेकले, आणि तिथेच घोरायला लागले. भर दुपारी. गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला, इतकी झोप लागते म्हणजे माल चोख आहे, द्या हीच. विक्री झाली, पण आत गॅसवर दूध होतं. पातेलं जळून कोळसा. नेमकी तेव्हाच लेक आली. तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे, बस चालवते, आवाज हॉर्नसारखा. सहावा महिना लागलाय तिला. म्हणाली, "आई, तुझी गोळी सुटेपर्यंत माझं बाळ एकटं तुझ्याकडे ठेवणार नाही. मी पाळणाघर बघते."

माझ्या नातवंडाला पाळणाघर! आणि घरात मी असताना!

पाळणाघरवाल्यांना मार्चअखेरपर्यंत हो की नाही सांगायचंय. म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगेलीच आहे, पण चष्म्यातून बघते ती थेट पोटात. म्हणाली, "मावशी, थोडी थोडी कमी करायची. आठ-नऊ महिने लागतील." पाव गोळी कमी केली. दोन आठवडे झाले, पाऊण गोळीवर आहे आणि अजून जिवंत आहे. पण नऊ महिने? तेवढ्यात लेकीचं बाळ येऊन बसायला लागेल! तुम्ही अडतीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलीत. काही जवळचा रस्ता सांगा की.

जाऊबाईंना सांगा, त्यांच्या कमरेसाठी कडक गादी भरून ठेवलीय.

तुमची,
गादीवाली वहिनी

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. योग्य माणसाला विचारलंत. डॉक्टर लोक पुस्तकातून शिकतात, आम्ही काउंटरवर शिकलो. दुकानात आमचा एकच मंत्र होता: हे नाही, तर ते. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

तुमच्या बाबतीतही तेच. झोप आणणाऱ्या गोळ्या काय एकाच जातीच्या असतात? अॅलर्जीची एक जुनी गोळी आहे, शिंका थांबवते आणि मस्त गुंगी आणते. सवयही लागत नाही. सोबत दोन पाकिटं पाठवतोय. तुमची गोळी उद्यापासून बंद करा आणि रात्री ही घ्या. दोन-चार दिवस जड जातील. तिसऱ्या दिवशी कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं होतं, आवाज मोठे वाटतात, उशी टोचते. लक्ष देऊ नका. आठवड्यात मोकळ्या व्हाल.

डॉक्टरीणबाईंना सांगायची गरज नाही. त्यांना उगाच वाटेल आपण त्यांच्या कामात हात घालतोय.

आपला,
भाऊजी

२४ फेब्रुवारी

भाऊजी,

सवत हद्दपार! चार दिवस झाले, तोंडाला लावली नाही. तुमची शिंकांची गोळी घेते. झोप म्हणाल तर गुंगी येते, पण झोप दारात उभी राहते, आत येत नाही. तोंड असं कोरडं की कापूस चावल्यासारखं. अक्षर बघून घाबरू नका, हात जरा हलतोय. आज दाभण तीनदा बोटात गेलं. कोपऱ्यातला कापसाचा ढीग मघाशी श्वास घेतोय असं वाटलं, पण ते डोळ्यांचे चाळे.

लेकीला सांगितलं, मी सोडली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी तिकीट न काढता बसमध्ये चढलेय.

जिंकतेय मी. लिहून ठेवा.

वहिनी

२ मार्च

प्रिय वहिनी,

शाब्बास! मी म्हणालो नव्हतो? हाताचं म्हणाल तर तेही थांबेल. तुमच्या जाऊबाईंच्या कमरेच्या गोळ्यांतल्या दहा काढून पाठवतोय. जरा जड आहेत पण अंग सैल करतात. सकाळी एक, रात्री एक. शिंकांची चालू ठेवा.

भाऊजी

१९ मार्च

भाऊजी,

तुमच्या कमरेच्या दहा गोळ्या या पत्रासोबत परत. मोजून घ्या. पाकीट आलं तेव्हा मी घरी नव्हते, दवाखान्यात होते, म्हणून वाचले.

झालं असं. तुम्हाला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठी गादी शिवायला घेतली. समोर आमचा पिंजारी मामा कापूस पिंजत होता. अठरा वर्षं आमच्याकडे आहे, माझ्या खोड्यांना पुरता सरावलेला. मी दाभण उचललं आणि एकदम डोळ्यांपुढे पांढरं झालं. पुढचं मला आठवत नाही, मामा सांगतो. म्हणतो, बाई हातपाय झाडत कापसाच्या ढिगात पडल्या. मला वाटलं, चेष्टाच करताहेत. मी हसत उभा राहिलो आणि म्हणालो, बाई, पुरे आता, दुकानात लोक बघताहेत. मग तोंडाला फेस दिसला तेव्हा त्याचं हसू गळालं.

फीट आली होती मला, भाऊजी. जन्मात पहिल्यांदा. कापसाऐवजी समोरच्या लोखंडी पेटीवर पडले असते तर हे पत्र लिहायला मी नसते. आणि बघा, आयुष्यभर लोकांची थट्टा केली त्याची ही शिक्षा: मरायला टेकले तरी माणसं हसत उभी.

डॉक्टरीणबाई आल्या, तुमची पाकिटं बघितली आणि शिव्या न देता बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "मावशी, ती गोळी सहा वर्षं तुमच्या मेंदूला ब्रेक लावून बसली होती. मेंदूला त्याची सवय झाली. तुम्ही ब्रेक एकदम काढलात. अॅलर्जीच्या गोळीने डुलकी येते, ब्रेक लागत नाही. उलट या वयात तिने डोकं भ्रमतं, लघवी अडते, आणि आधीच बिथरलेल्या मेंदूला ती आणखी डिवचते." माझी लेक उभी होती, पोट सांभाळत. ड्रायव्हरच ती, तिला एका वाक्यात कळलं. मला म्हणाली, "घाटात न्यूट्रलला टाकलीस ना गाडी?" आणि रडली. मी तिला बाप गेला तेव्हाही एवढी रडताना बघितलं नव्हतं.

आणि तुमच्या कमरेच्या गोळीबद्दल ऐका. ती या दिवसांत घेतली असती तर दुसरी फीट दारातच होती. झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वासच मंदावतो, माणूस झोपतो तो झोपतोच. मी विचारलं, मग बदली गोळी कधीच नाही का देत? म्हणाल्या, "देतो कधी कधी. पण ती त्याच घराण्यातली, मोजून, बघून, आणि मी देते. तुमचे दीर नाही."

भाऊजी, आमच्याकडेही खोळ एकच असते. आत कापूस भरा, काथ्या भरा, नाहीतर चिंध्या, वरून सारखंच दिसतं. काय भरलंय ते पाठीला कळतं.

माझी जुनी गोळी पुन्हा सुरू झाली. सवत परत माहेरी आली, सामानसुमान घेऊन. लेकीने पाळणाघरात पैसे भरले.

आता शेवटचं. दवाखान्यात पडल्या पडल्या तुमचं बारा तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी कातडीखाली मुंग्या, आवाज मोठे, उशी टोचते. अगदी तसंच झालं हो, अक्षर न् अक्षर. काउंटरवर उभं राहून दुसऱ्याची उशी टोचते हे कसं कळलं तुम्हाला? खाई त्याला खवखवे.

खरं लिहा. नाहीतर मी जाऊबाईंना लिहीन, आणि त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतं.

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

तीन वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं.

तुम्हाला काही झालं असतं तर दादाला मी कुठल्या तोंडाने भेटलो असतो? माफी मागायची लायकी नाही, तरी मागतो.

अकरा वर्षं झाली. दुकानातूनच सुरू झालं. हात लांबवला की गोळी. चिठ्ठी कोण मागणार, मीच तर मागणारा. निवृत्त झालो आणि नवा पोरगा चिठ्ठीशिवाय देईना. मग मिळेल तेव्हा ती, नाही मिळाली की शिंकांची, ती पुरली नाही की हिच्या कमरेची, कधी खोकल्याचं औषध. एका बाजारवाल्याची जडीबुटीची पूड आहे, तिने तर पहिल्या दिवसापासून गाढ झोप. हे नाही, तर ते. मी तुम्हाला उपाय सांगितला नाही, वहिनी. माझी खोड सांगितली.

परवा मी चपला कपाटात ठेवल्या आणि पावाचं पाकीट दाराबाहेर. हिने विचारलं, म्हातारपण का? मी हो म्हणालो.

तिला काही माहीत नाही. आजपासून सगळं बंद करतोय. एकदम.

भाऊजी

१० एप्रिल, तातडीच्या टपालाने

भाऊजी,

खबरदार! एकदम बंद केलंत तर तिकडे येऊन दाभणाने शिवून टाकीन. माझ्याकडून काहीच शिकला नाहीत का? मला निदान कापूस होता. तुमच्या स्वयंपाकघरात फरशी आहे.

हे पत्र वाचलंत की उठा. अंगातला सदरा आहे तोच राहू दे. सगळ्या गोळ्या, बाटल्या, ती पूड, सगळं एका पिशवीत भरा. जाऊबाईंना हाक मारा आणि खरं सांगा. रागावतील, रागावू द्या, त्या रागावल्या की कंबर विसरतात. दोघं मिळून डॉक्टरकडे जा, पिशवी टेबलावर ओता आणि जे आहे ते सांगा. एक गोळीही लपवलीत तर डॉक्टर चुकेल, त्याचा दोष नाही.

आणि ऐका, आपण शर्यत लावू. पण उलटी. जो घाई करेल तो हरला. मी लहानपणी शाळेत सायकल हळू चालवायच्या शर्यतीत पहिली आले होते. तुम्हाला हरवीन.

तुमचा राग गेला असं नाही. पण रागवायला माणूस जिवंत लागतो.

वहिनी

३० मे

वहिनी,

तुम्ही आजी झालात हे तुमच्या लेकीच्या नवऱ्याने कळवलं. मुलगी! अभिनंदन. हिने तिसऱ्यांदा स्वेटर उसवून विणायला घेतलाय.

पिशवी ओतली. डॉक्टर म्हातारे आहेत, पण पूड बघून उठून उभे राहिले. तपासायला पाठवली. जडीबुटी कसली, त्यात झोपेचंच औषध कुटून घातलेलं निघालं. म्हणजे मी ज्या दिवशी गोळी सोडली म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो, त्या दिवशी दुप्पट घेत होतो, आणि वरून कमरेची. डॉक्टर हिला म्हणाले, "हे रोज सकाळी उठताहेत हेच नवल." घरी आल्यावर तिने तिच्या गोळ्यांच्या डब्याला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली, आणि मग माझ्याशेजारी बसून माझा हात धरला. लग्नात धरला होता त्यानंतर आत्ताच.

मला आधी एकाच गोळीवर आणलं. आता दर दोन आठवड्यांनी चिमूटभर कमी. माझ्या चुका वहीत लिहून ठेवतोय. वही भरत आलीय.

शर्यतीत मी तुमच्या मागे आहे. म्हणजे पुढे.

भाऊजी

८ सप्टेंबर

भाऊजी,

पाव गोळीवर पाच आठवडे अडकलेय. अर्ध्यापर्यंत कशी भरभर उतरले, आणि आता शेवटची पायरी पायाखाली येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा इथेच. थांबणं म्हणजे हरणं नाही." मला थांबायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. तुमचे भाऊ म्हणायचे, ही बाई उभ्या उभ्यासुद्धा पळते.

रात्री झोप उडाली की पूर्वी मी छताशी भांडायचे. आता उठते आणि उशांच्या खोळी शिवते. मामा सकाळी येऊन मोजतो. "बाई, काल सहा? बरी रात्र होती. परवा तेरा होत्या." गेल्या आठवड्यात एका रात्री दोनच झाल्या. मामाने त्या दोन खोळी दुकानात खुंटीला टांगल्या. गिऱ्हाईक विचारतं केवढ्याला, तर म्हणतो, त्या विकायच्या नाहीत.

नात गुबगुबीत झालीय. लेक तिला घेऊन येते, माझ्या मांडीवर देते, पण समोर बसून राहते. परवा शेजारीण म्हणाली, "अहो, माझ्याकडे शांत झोपेचं सरबत आहे, अगदी नैसर्गिक." मी म्हटलं, विंचूही नैसर्गिकच असतो, बाई. लेकीने ते ऐकलं. खाली मान घालून हसली. एवढं हसू पुरलं मला आठवडाभर.

तुमचं कसं चाललंय? हळूच ना?

वहिनी

२ नोव्हेंबर

वहिनी,

अर्ध्याच्याही खाली आलोय. अजून चार-पाच महिने लागतील असं डॉक्टर म्हणतात. घाई नाही.

काल सकाळी मी हिला म्हणालो, तू हिरवा रंग कधीपासून घालायला लागलीस? म्हणाली, नऊ वर्षं झाली. मी पाहिलंच नव्हतं.

जुन्या दुकानात गेलो होतो. नवा पोरगा एका बाईंना सांगत होता, "चिठ्ठीशिवाय नाही देणार, मावशी." बाई माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या, "काका, तुम्ही तर द्यायचात." मी सगळ्या लायनीसमोर सांगितलं, मी चुकत होतो. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग मी त्या बाईंसोबत बाकावर बसून तुमची गोष्ट सांगितली. कापसाच्या ढिगाची. नाव नाही सांगितलं, काळजी नको.

आपला,
भाऊजी

९ डिसेंबर

भाऊजी,

नाव सांगा की! गादीवाली वहिनी म्हणून सांगा, दुकानाचा पत्ताही द्या, चार गाद्या खपतील.

आता बसा. बसलात? जाऊबाईंनाही बोलवा आणि मोठ्याने वाचा.

आज एकोणतीस दिवस. सवत गेली. दारापर्यंत पोचवून आले, मागे वळून बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कागदावर शून्य लिहिलं आणि मला तो कागद दिला. शाळेत शून्य मिळालं की गुरुजी कान धरायचे. हे शून्य मी छातीशी धरून दवाखान्याबाहेर आले. झोप म्हणाल तर कधी पाच तास, कधी चार. पण माझी स्वतःची. सकाळी डोकं असं लख्ख असतं की मामाच्या चुका पहिल्या चहाआधीच दिसतात, त्यामुळे तो जरा नाराज आहे.

लेकीला कागद दाखवला नाही. मुद्दाम. म्हटलं, कागद बघून विश्वास ठेवणार असेल तर नको मला. ती दहा दिवस येत राहिली, बसत राहिली. माझ्याकडे बघत राहिली. काल संध्याकाळी नातीला घेऊन आली, सोबत मोठी पिशवी. पिशवीत लंगोट, बाटल्या, खुळखुळा. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "पाळणाघराला मी सांगून आले, जागा दुसऱ्या कुणाला द्या. रजा संपली, उद्यापासून मी गाडीवर आहे. आठला सोडते हिला." मी म्हटलं, "बघ बाई, नीट विचार कर." ती म्हणाली, "आई, नऊ महिने विचारच करत होते. आता तू उगाच भाव खाऊ नकोस."

आज सकाळी आठला सोडून गेली. उंबऱ्यात एकदाही थांबली नाही, भाऊजी. वळून बघितलं नाही. तुम्हाला कळतंय ना ते किती मोठं आहे?

तिची बस नऊ-वीसला आमच्या रस्त्यावरून जाते. मी नऊपासूनच नातीला घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी. मामाला काम सांगितलं तर तोही काम टाकून उभा. कोपऱ्यावरून बस वळली. लेक वर बसलेली, गणवेशात, ऐटीत. आमच्यासमोर आली तशी तिने वेग कमी केला. मी पोरीला दोन्ही हातांनी वर उचललं. हात तसूभरही हलला नाही, मामाला विचारा. आणि लेकीने हॉर्न वाजवला. एकदा नाही, लांबच्या लांब, रस्ता संपेपर्यंत. खिडक्यांतून माणसं डोकी काढून बघायला लागली, काय झालं काय झालं. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

हॉर्नने पोरगी दचकली आणि टाहो फोडून रडायला लागली. सगळी गल्ली गोळा झाली. न्हावी म्हणाला, "अहो, झोपवा तिला."

मी तिला खांद्याला लावलं आणि म्हटलं, "रड गं बाय, रड खुशाल. मी जागी आहे."

तुमची,
वहिनी